तळ्याचे दोन फोटो

"ज्या दिवशी माझ्या पेटीचा फोटो आणि या खेळण्याचा फोटो यांतला फरक मला स्वतःला ओळखता येणार नाही, त्या दिवशी पेटी खाली ठेवीन. परत डोंगरात नेणार नाही." हार्म व्हेल्टमान भर क्लबात, चहाचा कप हातात असताना हे बोलून गेला.

"शब्द?" तिल्डाने लगेच विचारलं. तिल्डा त्याची मुलगी. तिच्या हातात तेच खेळणं होतं, म्हणजे छोटा कॅमेरा. तिनेच तो बापाला सत्तराव्या वाढदिवसाला दिलेला होता आणि बापाने तो वर्षभर कपाटात, सुपाच्या भांड्यामागे ठेवून दिला होता.

"शब्द," हार्म म्हणाला.

आमच्या होबार्टच्या भटक्या क्लबात बढाया मारणारे पुष्कळ, पण हार्म त्यांतला नव्हता. तो शब्द द्यायचा तो पाळायचा, आणि पाळून समोरच्याला जेरीस आणायचा. म्हणून मी चहा खाली ठेवला आणि तिल्डाकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. अशी संधी परत मिळणार नाही हे तिला कळलं होतं, आणि ती हातची जाण्याची भीतीही वाटत होती.

पेटी म्हणजे हार्मचा मोठा कॅमेरा. हॉलंडहून बोटीने आलेला हा सुतार, इथे उतरल्यावर पहिल्या दोन वर्षांत ह्यूऑन पाइनच्या लाकडातून त्याने तो स्वतः बांधला होता. एका वेळी पोस्टकार्डाएवढी एक फिल्म त्यात बसायची. तिवई, भिंगं, फिल्मचे डबे, डोक्यावर घ्यायचं काळं कापड, सगळं मिळून पंचवीस किलोंचं ओझं. ते पाठीवर घेऊन हा गृहस्थ नैऋत्येच्या डोंगरांत पाऊस आणि चिखल तुडवत तीस वर्षं हिंडला. त्याचे फोटो बघितले की माझ्यासारखी तोंडाळ बाईही गप्प बसते. खडकावरचं शेवाळं बोटाने खरवडता येईल असं वाटतं. मी हे सांगू शकते, कारण ते सगळे फोटो माझ्या डार्करूममध्ये, माझ्या हाताने कागदावर उतरले आहेत.

पण गेल्या फेब्रुवारीत तिल्डाला तो वाटेत खाली बसलेला सापडला. ओठ निळे, पाठीवरचे पट्टे अजून खांद्यांत रुतलेले. ते सोडायलासुद्धा हात उचलत नव्हते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हृदय दमलंय, चाला हवं तेवढं, पण ओझं नको. हार्मने मान डोलावली, घरी आला आणि येत्या उन्हाळ्यात, म्हणजे इकडच्या डिसेंबरात, पश्चिमेच्या रांगेत एकट्याने जायचा बेत नकाशावर आखायला बसला. एकट्याने का, तर तिल्डा सोबत असली की सारखी "पपा, बस जरा, पपा, पाणी पी" करते म्हणून.

आई गेल्यापासून तीन वर्षं ती पोर प्रत्येक फेरीला त्याच्यामागे जात होती. पोर म्हणजे काय, छत्तिशीची बाई. शाळेत गणित शिकवते. डोंगरांचं तिला काडीचं वेड नाही आणि जळवांची तर तिला किळस येते.

तर पैज ठरली. जागा एक, वेळ एक, तिवईही एकच. आधी मोठ्या कॅमेऱ्याने, मग छोट्याने. फोटो काळे-पांढरे. छापायचं काम माझं, आणि कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा हे मी सोडून कोणाला कळू द्यायचं नाही. भांडण झालं ते आकारावरून.

"वहीच्या पानाएवढे छाप," तिल्डा म्हणाली.

"वहीच्या पानाएवढे?" हार्म भडकला. "तेवढ्यात तर कोणाचंही खपून जाईल. दाराएवढे छाप. दाराएवढ्यात तुझ्या तिकिटाएवढ्या फिल्मचा कसा भुगा होतो ते दिसू दे सगळ्यांना!"

"दाराएवढे फोटो कोण लावतं घरात, पपा?"

"मी लावतो."

"आधीच्याच फोटोंमुळे तुझ्या घरात दारंच दिसत नाहीत आता."

शेवटी क्लबचा चिटणीस मर्व्ह मध्ये पडला. मर्व्ह जन्मभर पोस्टात होता, त्यामुळे कुठल्याही वादात मधला आकार काढण्यात पटाईत. खिडकीच्या एका तावदानाएवढा आकार ठरला. मी मनात म्हटलं, कठीण आहे. या आकाराला छोट्या फिल्मची रवाळ कणी दिसायला लागते, पण नीट फिल्म, नीट तिवई आणि नीट हात असला तर लांबून लोक फसतात. हार्म मात्र लांबून बघणाऱ्यांतला नव्हता. तो खिशात भिंग घेऊन फिरतो.

एप्रिलमध्ये बापलेक दोन दिवसांची चाल करून एका लहानशा तळ्यावर गेले. इकडे एप्रिल म्हणजे पानगळ, फेगसची झुडपं पिवळी पडली होती आणि वारा नावालाच होता. माझे गुडघे आता अशा वाटेवर चालत नाहीत, म्हणून मी गेले नाही. आल्यावर तिल्डाच फिल्म घेऊन माझ्याकडे आली. मी डबे हातात घेतले तरी ती जायला तयार नव्हती.

"नेरिडा, एक मागू?"

"माग. मिळेलच असं नाही."

"छापताना मोठ्याचा फोकस थोडासा हलव. केसभर. कोणाला कळणार नाही."

मी एप्रन बांधत होते, हात तिथेच थांबले. "मला कळेल."

"तुला कळलं तर काय बिघडलं?"

"तिल्डा, तीस वर्षं तुझ्या बापाचे फोटो छापतेय मी. या हाताने मुद्दाम खराब फोटो काढला तर उद्या चांगला काढायला हा हात ऐकेल का माझं? आणि तो भिंग लावून बघणार. त्याला काय माझी चलाखी कळणार नाही?"

"मग तो ओळखेल," ती म्हणाली. "ओळखेल, आणि डिसेंबरात पेटी उचलून जाईल, आणि या वेळी मी मागे नसेन." तिचा आवाज फुटला नाही. गणित सांगावं तशी ती बोलली, त्याचाच मला जास्त त्रास झाला. "वाटेत वर चढताना मी त्याची पावलं मोजते. दहा पावलं आणि थांबणं. मग आठ. या वेळी पाचवर आलं होतं. पेटी मी घेते म्हटलं तर म्हणतो, माझं ओझं मीच उचलणार."

"त्याला हे सांग ना."

"सांगते तेव्हा तो काळ्या कापडाखाली असतो."

मी तिला चहा दिला, बिस्किट दिलं, आणि नाही म्हणाले ते नाहीच. ती गेल्यावर स्वतःवरच चिडले. आपलं खरेपण जपायला आपण एखाद्याचा जीव धोक्यात घालतोय का, हा प्रश्न डार्करूमच्या दाराशी बसून राहिला आणि मला तो ओलांडून आत जावं लागलं.

छोटी फिल्म आधी छापली. खरं सांगते, मला वाटलं त्याहून फार चांगली निघाली. हार्मने चिडून काढलेला असला तरी फोटो हार्मचाच होता. पाणी, पलीकडचे काळे खडक, त्यांच्यामागे डोंगराची भिंत. आकाशात बारीक कणी होती, रव्यासारखी, पण ती डोळ्यांना बोचत नव्हती. पलीकडच्या काठावर खडकांत एक फिकट ठिपका होता. दगड असेल म्हणून मी सोडून दिला.

मग मोठी फिल्म चढवली. फोकस करताना छोट्या फिल्मवर आपण कणीच बघतो, कणी टोकदार झाली की फोकस बसला. मोठ्या फिल्मवर ती कणी शोधूनही सापडत नाही, म्हणून एखादी बारीक गोष्ट पकडावी लागते. गवताची काडी नाहीतर खडकावरची चीर. मी तो फिकट ठिपका पकडला. दगडाला बाह्या होत्या.

मला हसूच आलं. हार्मचा एक कडक नियम आहे, चौकटीत माणूस नको. डोंगर डोंगराचा असावा. पण कापडाखाली काचेवर चित्र दिसतं ते उलटं आणि अंधुक, त्यात काठावरचं कोण दिसणार? तंबूचा कोपरा, कोणाची टोपी, काहीतरी राहून जातंच. माझं काम ठरलेलं. छापून झालं की अगदी बारीक ब्रश घ्यायचा, शाई पाण्यात कालवायची आणि ठिपक्याला ठिपका लावून माणूस खडकात मिसळून टाकायचा. गेली तीन वर्षं बहुतेक वेळा तिल्डाचाच फिका कोट असायचा. पपाच्या चौकटीबाहेर आहोत असं समजून ती कुठेतरी टेकायची, आणि मी तिला पुसून टाकायचे. कोट दिसला की ब्रश उचलायचा, इतकी सवय झाली होती. थांबून बघितलं असं कधी झालंच नाही.

या वेळी कागद लाल दिव्याखाली रसायनाच्या ताटलीत टाकला आणि चित्र वर यायला लागलं. आधी खडक आले, मग पाणी, शेवटी ती आली. धुऊन झाल्यावर मी कागद पांढऱ्या उजेडात नेला आणि भिंग लावलं.

तिचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा होता आणि त्यात सगळं होतं. गुडघे छातीशी घेतलेले. कोटाच्या बाह्या हातांवरून पुढे ओढून दोन्ही मुठी तोंडावर दाबलेल्या. एवढा डोंगर, एवढं तळं, पिवळी झालेली झाडी, पण ती त्यातलं काहीच बघत नव्हती. ती सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे कापडाखाली वाकलेल्या म्हाताऱ्याकडे बघत होती. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांचे डोळे असतात तसे ते डोळे होते. हार्मने कॅमेऱ्याचं भिंग चार सेकंद उघडं ठेवलं होतं, हे त्याने डब्यावर नेहमीप्रमाणे लिहिलेलं. त्या चार सेकंदांत काठावरचं गवत हललं होतं, पुसट झालं होतं. तिल्डा हललीच नव्हती. श्वाससुद्धा रोखून बसली असणार.

छोट्या फोटोवर तीच जागा भिंगाखाली घेतली. तिथे पाच-सहा करड्या कण्यांचा पुंजका होता. तो दगड म्हटला तर दगड.

मी ब्रश घेतला, शाई कालवली, आणि बसून राहिले. दोन्ही फोटोंतून तिला पुसणं हे माझं काम होतं, हार्मने सांगितलेलं, मी शेकडो वेळा केलेलं. फोकस हलवणं ही लबाडी, ती मला करायची नव्हती. पण फिल्मने जे बघितलं ते तसंच कागदावर राहू देणं ही लबाडी कशी होईल? शाई वाळून गेली. मी ब्रश धुऊन ठेवला आणि दोन्ही फोटो तसेच चौकटीत बसवले. तिल्डालाही काही बोलले नाही.

रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये सगळा क्लब जमला. प्रत्येकाने घरून काही ना काही आणलेलं, टेबलावर शिंपल्यांचं सारण भरलेल्या स्कॅलप पायची आणि केकची दाटी. हार्म खारट ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या घेऊन आला होता. दर वेळी आणतो, आणि त्याच्याशिवाय कोणी खात नाही. मर्व्हने फोटोंसमोर दोरी बांधली होती.

"दोरीच्या पुढे नाक न्यायचं नाही!" तो ओरडला. "फोटो बघायचे आहेत, हुंगायचे नाहीत. हार्म, तू शेवटी. तुला दोरी माफ."

लोक आले, बघितलं, चिठ्ठ्या टाकल्या. मर्व्हने मोजल्या. जास्त जणांनी उजवीकडचा फोटो मोठ्या कॅमेऱ्याचा म्हणून सांगितला, आणि ते बरोबर होतं. पण अर्ध्यापेक्षा थोडेच जास्त, भरघोस नाही.

"अरे, आंधळ्यांचा क्लब आहे हा," हार्म म्हणाला आणि सगळे हसले. तिल्डा हसली नाही. ती खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी होती.

हार्म दोरीखालून पलीकडे गेला. मला त्याची पाठच दिसत होती. उजव्या फोटोसमोर तो थांबला मात्र आणि त्याचे खांदे सैल पडले. त्याने ओळखलं होतं. भिंगाचीही गरज नव्हती. आपल्या पेटीचं काम तो अंधारात बोटांनीसुद्धा ओळखेल. तरी सवयीने त्याने भिंग काढलं. आभाळावर फिरवलं, डोंगराच्या भिंतीवरून खाली आणलं, खडकांवर आणलं. आणि मग ते भिंग एका जागी थांबलं.

ते किती वेळ थांबलं मला सांगता येणार नाही. मर्व्ह खोकला. कोणीतरी मागून म्हणालं, "झोपला की काय म्हातारा?" हार्मचा कान लाल झाला होता. त्याने भिंग सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा बघितलं. मग तो डाव्या फोटोकडे गेला. तिथे त्याने भिंग थेट खडकांवरच नेलं, क्षणभर बघितलं आणि काढून घेतलं.

"काय मग?" मर्व्हने विचारलं. "पेटी कुठली?"

हार्म वळला. त्याने सगळ्यांकडे बघितलं, फक्त खिडकीकडे बघितलं नाही.

"ही," तो म्हणाला आणि डावीकडे बोट दाखवलं.

हॉलमध्ये आधी कोणाला काही कळेना. मर्व्हने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. मग एकच गलका झाला. "हार्म चुकला! हार्म व्हेल्टमान चुकला!" लोक त्याच्या पाठीवर थापा मारायला लागले, तीस वर्षांची खिल्ली एका दुपारी वसूल करायची होती सगळ्यांना. तो मध्ये उभा राहून ते सगळं घेत होता. त्याच्यासारखा मानी माणूस, ज्याला फोटोवरची धूळसुद्धा खपत नाही, तो आपल्या पेटीला सगळ्यांसमोर खोटं पाडून हसण्याचा प्रयत्न करत होता. माझ्याच्याने बघवेना.

तिल्डा गर्दीतून त्याच्यापर्यंत पोचली. "पपा, चुकलास तू!"

"डोळे गेले आता," हार्म म्हणाला. "म्हातारपण."

"शब्द दिलायस."

"दिलाय ना. ठेवली पेटी. उद्यापासून तुझं ते खेळणं गळ्यात घालीन. झालं समाधान?"

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग लगेच मागे झाली, नाक पुसलं आणि "किती पसारा झालाय" म्हणत कप गोळा करायला लागली. जाताना मर्व्हला काहीतरी टोमणा मारला आणि मोठ्याने हसली. तिचं तसं हसणं मी तिच्या आईच्या आजारपणाआधी ऐकलं होतं, त्यानंतर नाही.

लोक टेबलाकडे वळले. हार्म माझ्याजवळ येऊन बसला. त्याने गोळ्यांचा डबा उघडला आणि बंद केला.

"पुसली नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"विसरलीस?"

"मी विसरते का कधी?"

त्याने मान हलवली. "आधी कधी नव्हती ती. माझ्या फोटोत."

मला वाटलं गप्प बसावं. पण गप्प बसणं मला जमत नाही, आणि त्या दिवशी तर जमवायचंही नव्हतं. "असायची, हार्म. तीन वर्षं असायची. प्रत्येक फेरीत कुठल्या ना कुठल्या फोटोत, कडेला. मी पुसायचे. तूच सांगितलं होतंस."

"अशीच बघत?"

"ते मी बघितलं नाही. कोट दिसला की पुसला."

त्याच्या गालावरून एक थेंब सरळ दाढीत गेला आणि त्याने तो पुसलाही नाही. लोकांना वाटलं असेल, हरल्याचं दुःख. मीही त्याच्याकडे बघायचं टाळलं. मला रडवेल्या पुरुषांशी काय बोलायचं ते कळत नाही, मी चिडते.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला.

"काय? तू मुद्दाम चुकलास ते?"

"ते तर नकोच. पण ती दिसली, तेही नको. कळलं तर पुढच्या वेळी चेहरा नीट करून बसेल." त्याने डबा खिशात टाकला. "आणि पुढच्या वेळी मला दिसणारही नाही ती. त्या तिकिटाएवढ्या फिल्मवर ठिपका होईल तिचा. बघितलंस ना?"

"मग फिल्मवर कशाला शोधतोस?" मी म्हणाले, आवाज जरा चढलाच. "छोट्या कॅमेऱ्याला कापड लागत नाही डोक्यावर. मान वर कर आणि बघ की तिच्याकडे."

हार्मने माझ्याकडे बघितलं. रागाने बघतोय असं मला वाटलं, पण राग नव्हता. मग त्याने खरंच मान वर केली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिल्डा दिसत होती, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, मर्व्हच्या बायकोशी बोलत कप विसळत होती. तिला नजर जाणवली असावी. ओला कप हातात तसाच धरून ती वळली.

"काय झालं, पपा? बरं वाटत नाहीये का? काय बघतोयस?"

"काही नाही," हार्म म्हणाला, आणि बघतच राहिला.